साक्षीदार नसलेला किनारा : स्लॅप्टन, १९४३-४४

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मुक्कामाला असलेल्या अमेरिकी सैनिकांचा स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला कागदांचा तुटवडा सहसा भासत नाही. त्याची खरी अडचण असते ती कागद आणि आठवण यांची ताटातूट झाल्याची. २६ जानेवारी १९४२ रोजी अमेरिकी फौजेची पहिली मोठी तुकडी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट बंदरात उतरली आणि १९४४च्या जून महिन्यापर्यंत ब्रिटनमधील अमेरिकी सैनिकांची संख्या १५ लाखांच्या वर गेली. परंतु हे सैन्य फ्रान्सच्या वाटेवरचे होते, एखाद्या गावाच्या माळावर काही महिने तंबू ठोकून ते पुढे सरकत असे, आणि जाताना आपल्या रोजनिश्या, हजेरीपट, रुग्णालयांच्या नोंदी व खटल्यांची कागदपत्रे बरोबर नेत असे. १९४२मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या ‘व्हिजिटिंग फोर्सेस’ कायद्याने, म्हणजे पाहुण्या फौजांविषयीच्या कायद्याने, अमेरिकी सैनिकांवरील फौजदारी खटले चालवण्याचा अधिकार अमेरिकेच्याच लष्करी न्यायालयांना मिळाल्यामुळे, एरवी ज्या मारामाऱ्या आणि चोऱ्या इंग्लंडमधील न्यायालयांच्या दप्तरात सापडल्या असत्या त्यासुद्धा अटलांटिकपार गेल्या. सैन्य गेले, त्याच्यामागून त्याचे दप्तर गेले, आणि गावात उरली ती फक्त तोंडी परंपरा.

बहुतेक ठिकाणी ही परंपरा निदान पायावर उभी असते, कारण घटना घडली तेव्हा गाव जागेवर होते. लँकशरमधील बँबर ब्रिज या गावी २४ जून १९४३च्या रात्री अमेरिकी लष्करी पोलीस आणि कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक यांच्यात चकमक होऊन एक कृष्णवर्णीय सैनिक मारला गेला, त्यानंतर अनेक सैनिकांवर बंडाचे खटले चालले, आणि ही कागदपत्रे अमेरिकेत गेली; तरीही अमेरिकी सैन्यातला वर्णभेद आपल्या गुत्त्यांत चालू न देणारे गाव म्हणून त्या गावाने स्वतःची जी आठवण जपली, ती पाहणाऱ्यांची आठवण होती, आणि पुढे १९८०च्या दशकात तिथल्या एका बँकेच्या भिंतीत गोळ्यांच्या खुणा दिसल्या तेव्हा त्या आठवणीला विटांचीही साक्ष मिळाली. डेव्हन परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्लॅप्टनची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. या किनाऱ्याशी महायुद्धातील अमेरिकी सैन्याची एक मोठी दुर्घटना कायमची जोडली गेली, आणि ती घडली तेव्हा आसपासच्या गावांत पाहायला कोणी नव्हतेच.

‘स्लॅप्टन सँड्स’ या नावातील ‘सँड्स’ म्हणजे वाळू, पण या किनाऱ्यावर वाळू नाही, बारीक गोटे आहेत. गोट्यांच्या या लांबलचक पट्टीच्या एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘स्लॅप्टन ले’ नावाचे गोड्या पाण्याचे उथळ सरोवर आहे, त्यामुळे किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याला आत शिरण्यासाठी पाण्याला वळसा घालून जाणाऱ्या मोजक्या वाटाच मिळतात. फ्रान्सवरील स्वारीसाठी नॉर्मंडीच्या ज्या किनाऱ्याला दोस्त राष्ट्रांच्या योजनाकारांनी ‘उटाह’ हे सांकेतिक नाव दिले होते, त्याच्या पाठीमागची जमीनही जर्मनांनी पाणी सोडून दलदलीची केली होती आणि तिथून आत जाण्यासही थोडेच रस्ते होते. हे साम्य योजनाकारांना हेरता आले, आणि त्याची किंमत साउथ हॅम्स या शेतीप्रधान मुलखातील माणसांना मोजावी लागली.

१९४३च्या नोव्हेंबरच्या मध्यावर ईस्ट ॲलिंग्टन, स्टोकनॅम आदी गावांत सभा भरवून रहिवाशांना सांगण्यात आले की हा सारा प्रदेश लष्करी कामासाठी सरकार ताब्यात घेत असून २० डिसेंबरपर्यंत तो पूर्ण रिकामा झाला पाहिजे. स्लॅप्टन, स्ट्रीट, स्टोकनॅम, शर्फर्ड, ब्लॅकॉटन आणि ईस्ट ॲलिंग्टन या सहा पॅरिशमधील (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारा, कारभाराच्याही सोयीचा लहान विभाग) सुमारे ३०,००० एकर जमीन, १८० शेतवाड्या आणि जवळपास ३,००० माणसे या हुकमाच्या कक्षेत आली. हुकूम ब्रिटिश नौदल खात्याचा होता, त्याला आधार १९३९च्या संरक्षण नियमांचा होता, आणि नुकसानभरपाईचे दावेही त्याच वर्षीच्या स्वतंत्र कायद्याखाली करायचे होते. जमीन वापरणार अमेरिकी सैन्य आणि कागद मात्र ब्रिटिश सरकारचा, अशी ही विभागणी अभ्यासकाच्या पथ्यावर पडते, कारण त्यामुळे विस्थापनाचा कागद इंग्लंडमध्येच राहिला.

सहा आठवड्यांहून कमी मुदतीत, ऐन हिवाळ्यात, आणि तेही पेट्रोल व वाहनांवर युद्धकाळाची बंधने असताना, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतघर रिकामे करणे म्हणजे काय, याची कल्पना या हुकमाच्या कोरड्या मजकुरातून येत नाही. जनावरे मिळेल त्या भावाने विकावी लागली किंवा दूरच्या नातलगांच्या कुरणात धाडावी लागली, शेतातला माल वेळेआधी काढावा लागला, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी शेजारच्या बाजारगावापलीकडचे जग फारसे पाहिले नव्हते त्यांना परक्यांच्या खोल्यांत दिवस काढावे लागले. महिलांच्या स्वयंसेवी संघटनेने माहितीकेंद्रे उघडून सामानाची बांधाबांध, वाहने आणि निवारा यांची व्यवस्था पाहिली. चर्चमधील मौल्यवान वस्तू हलवण्यात आल्या, आणि जे हलवता येत नव्हते त्याची काळजी घ्यावी अशी विनंती करणारी सूचना येणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी चर्चवर लावण्यात आली. रहिवाशांना हे सारे कशासाठी चालले आहे ते सांगितलेले नव्हते, तरी समुद्राकाठच्या माणसांना अंदाज बांधणे अवघड गेले नसावे.

ख्रिसमसच्या आधी गावे ओस पडली. स्थानिक इतिहासाचा जो नेहमीचा कच्चा माल असतो, म्हणजे चर्चमधील बारशांच्या, लग्नांच्या व दफनांच्या नोंदी, शाळेच्या मुख्याध्यापकांची रोजनिशी, गुत्त्यातल्या गप्पा, शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी ठेवलेली खबरबात, तो सगळा इथे एकाएकी थांबतो आणि १९४४च्या उत्तरार्धात लोक टप्प्याटप्प्याने परतू लागल्यावरच पुन्हा सुरू होतो. मधल्या महिन्यांत या भूमीवर हजारो अमेरिकी सैनिक उतरले, खऱ्या दारूगोळ्याने सराव झाले, घरांना आणि चर्चना तडे गेले, किनाऱ्यावरचे रॉयल सँड्स हॉटेल जमीनदोस्त झाले. पण ते पाहणारे डोळे त्या गावचे नव्हते. मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांच्यातील जुना वाद परिचित आहे. स्लॅप्टनच्या बाबतीत मात्र बखर लिहिणारेच हद्दपार होते आणि अस्सल कागद शिक्का मारून बंद झाले होते, त्यामुळे ज्या पोकळीत पुढे अफवा वाढल्या ती पोकळी सुरुवातीपासूनच तयार होती.

एप्रिल १९४४च्या अखेरीस झालेल्या सरावाचे नाव ‘एक्सरसाइज टायगर’ असे होते. उटाह किनाऱ्यावर उतरणार असलेल्या चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनची आणि तिला वाहून नेणाऱ्या नौदलाच्या ‘फोर्स यू’ची ही रंगीत तालीम होती, फोर्स यूचे सेनापतिपद रिअर ॲडमिरल डॉन मून यांच्याकडे होते. २७ एप्रिलच्या सकाळी पहिल्या तुकड्या किनाऱ्यावर उतरल्या. काही जहाजे उशिरा पोहोचत आहेत हे पाहून उतरण्याची ठरलेली वेळ साडेसातवरून साडेआठवर नेण्यात आली, आणि हा बदल सर्व नौकांपर्यंत वेळेत न पोहोचल्याने काही तुकड्या तोफांचा मारा चालू असतानाच किनाऱ्याकडे गेल्या. या गोंधळात किती माणसे दगावली याविषयी पुढे मोठमोठे आकडे छापले गेले, पण त्यांचा पाया बराचसा अनेक दशकांनी सांगितलेल्या आठवणींचा आहे, आणि त्याच सरावातील दुसरी, निर्विवाद दुर्घटना लक्षात घेतली की दोन्हींची सरमिसळ कशी झाली असेल हेही उमजते.

ती दुसरी दुर्घटना २७ आणि २८ एप्रिलच्या मधल्या रात्री घडली. सरावाच्या दुसऱ्या लाटेतील सैनिक आणि वाहने घेऊन आठ एलएसटी जहाजांचा ताफा स्लॅप्टनकडे येत होता. एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’ : सुमारे १०० मीटर लांबीचे, सपाट तळाचे, नाळेकडची दारे उघडून रणगाडे व ट्रक थेट किनाऱ्यावर उतरवणारे जहाज, त्याची चाल इतकी मंद होती की त्यावरचे खलाशी या तीन आद्याक्षरांचा अर्थ ‘मोठे, मंद लक्ष्य’ असा लावून मोकळे होत. पाच जहाजे प्लिमथहून आणि तीन ब्रिक्सममधून निघाली होती. त्यांच्या रक्षणासाठी दोन ब्रिटिश युद्धनौका नेमलेल्या होत्या, परंतु त्यांपैकी ‘सिमिटर’ ही विनाशिका आदल्या रात्री एका अमेरिकी नौकेशी टक्कर होऊन दुरुस्तीसाठी प्लिमथमध्ये अडकली, आणि तिच्या जागी दुसरी पाठवण्यात वेळ गेला; ताफ्याबरोबर प्रत्यक्षात राहिली ती ‘अझेलिया’ ही एकटी लहान कॉर्व्हेट. जर्मन नौका समुद्रात असल्याची वार्ता रात्री बिनतारी संदेशाने आली, ती अझेलियाने ऐकलीही, पण अमेरिकी जहाजांना दिलेल्या आदेशात टंकलेखनाची चूक राहिल्यामुळे ती जहाजे वेगळ्याच लहरीवर कान लावून बसली होती. मोठमोठ्या योजना अशा एखाद्या चुकलेल्या अंकाशी येऊन अडखळतात, आणि युद्धाचा इतिहास वाचणाऱ्याला या अंकांची सवय करून घ्यावी लागते.

फ्रान्समधील शेर्बूर बंदरातून निघालेल्या नऊ जर्मन पाणतीर नौकांनी (इंग्रजांनी त्यांना ‘ई-बोट’ हे नाव दिले होते) लाइम उपसागरात, पोर्टलंडच्या समोरच्या समुद्रात, या ताफ्याला गाठले. रात्री दोनच्या सुमारास ५०७ क्रमांकाच्या एलएसटीवर पाणतीर आदळून तिने पेट घेतला. थोड्याच वेळात ५३१ क्रमांकाची एलएसटी दोन पाणतीरांनी फुटून काही मिनिटांतच बुडाली. २८९ क्रमांकाचे जहाज शेपटाकडून उद्ध्वस्त होऊनही डार्टमथपर्यंत कसेबसे पोहोचले. मेलेल्यांपैकी अनेक जण स्फोटाने नव्हे तर पाण्यात मेले. एप्रिलच्या त्या समुद्राचे पाणी माणसाला फार वेळ तग धरू देणारे नव्हते, आणि सैनिकांना दिलेले फुगवायचे प्राणरक्षक पट्टे काखेखाली बांधायचे असतात हे त्यांना नीट शिकवलेले नव्हते. पाठीवरचा बोजा सांभाळून त्यांनी ते कमरेला बांधले, आणि पट्टे फुगताच वरचा भार पुढे झुकून त्यांची तोंडे पाण्याखाली गेली. उरलेल्या जहाजांना पांगून किनारा गाठण्याचा आदेश असताना ५१५ क्रमांकाची एलएसटी मागे फिरली आणि तिने शंभराहून अधिक जणांना वाचवले.

इथे स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी. ‘स्लॅप्टनची दुर्घटना’ हे नाव रूढ झाले असले तरी बुडालेली जहाजे स्लॅप्टनला पोहोचलीच नव्हती, ती पूर्वेला, डॉर्सेटच्या बाजूला बुडाली. वाचलेल्यांना पोर्टलंड-वेमथकडे उतरवले गेले आणि जखमींवर डॉर्सेटमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयांत उपचार झाले. शेरबोर्नच्या रुग्णालयात काम केलेले डॉक्टर राल्फ ग्रीन यांनी पुढे लेख लिहून सांगितले की जखमींना काही विचारू नये आणि बाहेर काही बोलू नये, नाहीतर लष्करी न्यायालयाला तोंड द्यावे लागेल, अशी ताकीद तेथील कर्मचाऱ्यांना देण्यात आली होती. म्हणजे ज्या गावाच्या नावाने ही घटना ओळखली जाते त्या गावात माणसे नव्हती, आणि ज्या परगण्यात मृतदेह व जखमी आले तिथल्या माणसांना स्लॅप्टनच्या सरावाशी त्यांचा संबंध ठाऊक नव्हता.

गुप्ततेमागे कारण होते आणि ते पटण्यासारखे होते. स्वारीचे ठिकाण आणि वेळ ज्यांना माहीत होती अशा अधिकाऱ्यांच्या यादीला ‘बिगॉट’ हे सांकेतिक नाव होते, आणि त्या यादीतील दहा अधिकारी त्या रात्रीनंतर सापडत नव्हते. त्यांच्यापैकी एखादा जर्मनांच्या हाती लागला असता तर उटाहचे गुपित फुटले असते. त्यामुळे पाण्यातील मृतदेहांची कसून ओळख पटवण्यात आली, आणि दहाही जणांचे देह मिळाल्यावर सेनापतींचा जीव भांड्यात पडला. ६ जूनच्या प्रत्यक्ष स्वारीत उटाहवर चौथ्या डिव्हिजनच्या मृत आणि जखमी सैनिकांची संख्या मिळून सुमारे २०० होती. तालमीत गेलेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. ॲडमिरल मून यांनी ५ ऑगस्ट १९४४ रोजी आत्महत्या केली. तिचे कारण थकवा होते की टायगरचे ओझे, यावर लिहिणाऱ्यांचे एकमत नाही.

१९८०च्या दशकात वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ही गोष्ट पुढे आणली ती मात्र ‘चाळीस वर्षे दडपलेले सत्य’ म्हणून, आणि तो शब्दप्रयोग आजही टिकून आहे. वस्तुतः अमेरिकी सैन्याच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या वृत्तपत्रात ऑगस्ट १९४४मध्ये, म्हणजे स्वारी यशस्वी होऊन दोन महिने होताच, या घटनेची बातमी आली होती; दोस्त फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांचे नौदल सहायक हॅरी बुचर यांच्या १९४६मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीवजा पुस्तकात तिचा उल्लेख आहे; आणि सॅम्युएल एलियट मॉरिसन यांच्या अमेरिकी नौदलाच्या इतिहासातील १९५७च्या खंडात ती मृतांच्या आकड्यासह सांगितलेली आहे. लष्करी इतिहासकार चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९८८मध्ये लेख लिहून दडपणुकीचा आरोप खोडला, आणि कागदांपुरते त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु छापले जाणे आणि कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नॉर्मंडीच्या बातम्यांच्या पुरात आलेली एक बातमी आणि शेकडो पानी ग्रंथातील एक परिच्छेद स्लॅप्टनच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ‘तुमचा मुलगा मरण पावला’ एवढेच कळवणारी तार मिळालेल्या अमेरिकेतील आईबापांपर्यंतही नाही. डेव्हनच्या बाजूने १९७३मध्ये ग्रेस ब्रॅडबीअर यांनी जे पुस्तक लिहिले त्याचा विषय विस्थापनाचा होता, आणि हे साहजिकही होते, कारण गावाने स्वतः भोगले ते तेवढेच होते.

मृतांच्या मोजदादीकडे पाहिले की हीच ताटातूट आकड्यांतही दिसते. मॉरिसन यांनी १९७ खलाशी आणि ४४१ सैनिक असा आकडा दिला; पुढे अधिक रूढ झालेला आकडा १९८ खलाशी आणि ५५१ सैनिक, म्हणजे एकूण ७४९, असा आहे. दोन्ही मोजण्यांत नौदलाचा आकडा एकाने बदलतो आणि भूसेनेचा ११० ने, याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे : खलाशी जहाजाचे होते आणि त्यांची नोंद जहाजावर अवलंबून होती, तर सैनिक हे प्रवासी होते, निरनिराळ्या कंपन्यांतून तुकड्या-तुकड्यांनी चढलेले, आणि कोण कुठल्या जहाजावर आहे हे सांगणारे कागद बऱ्याचदा त्या जहाजाबरोबरच बुडाले. ३२०६व्या क्वार्टरमास्टर सर्व्हिस कंपनीतील २५१ जणांपैकी २०१ जण मृत किंवा जखमी झाले, तेव्हा त्या कंपनीची आठवण सांगायलाही फारसे कोणी उरले नाही. व्यक्तिगणिक शोध घेऊ पाहणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक आपत्ती येते : १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील सैनिकी नोंदींच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या अमेरिकी भूसैनिकांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के फायली जळाल्या, त्यामुळे कंपन्यांचे दैनिक हजेरी-अहवाल आणि दफनविषयक कागद यांवरच भिस्त ठेवावी लागते.

याच दफनविषयक कागदांनी साउथ हॅम्समधील सर्वांत चिवट अफवेला उत्तर दिले आहे. स्लॅप्टनच्या परिसरातील शेतांत अमेरिकी सैनिकांना गुपचूप सामूहिक खड्ड्यांत पुरले, असे तिथे अनेक वर्षे सांगितले जाई. परंतु अमेरिकी सैन्यात मृतांची नोंद ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा होती. टायगरमधील सापडलेले मृतदेह प्रथम लंडनजवळच्या ब्रुकवुड येथील दफनभूमीत पुरण्यात आले, आणि युद्धानंतर आप्तांच्या इच्छेनुसार काही अमेरिकेला गेले तर काही केंब्रिजजवळ मॅडिंग्ली येथील अमेरिकी दफनभूमीत कायमचे विसावले. तिथल्याच लांब भिंतीवर कधीच न सापडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. तरी अफवा निव्वळ खोटी म्हणून झटकून टाकणे ही आळशी पद्धत होईल. परतलेल्या माणसांना आपल्या शेतांत अनोळखी खड्डे, उकरलेले बांध, काटेरी तारा आणि न फुटलेला दारूगोळा दिसला होता. मागाहून जेव्हा शेकडो मृत्यूंची वार्ता कानी आली, तेव्हा त्यांनी दिसलेले आणि ऐकलेले यांची सांगड घातली.

आज या किनाऱ्यावर दोन स्मारके आहेत. पहिला दगडी स्तंभ अमेरिकी सैन्याने १९५४मध्ये उभारला, आणि त्यावरचा मजकूर घरेदारे सोडून गेलेल्या गावकऱ्यांचे आभार मानणारा आहे. त्या रात्रीच्या मृतांविषयी त्यावर अक्षर नाही. दुसरे स्मारक जवळच्या टॉरक्रॉस येथे आहे, आणि ते म्हणजे एक शर्मन रणगाडा. केन स्मॉल या तेथील हॉटेलचालकाला किनाऱ्यावर फिरताना काडतुसे आणि गणवेशाची बटणे सापडत असत. एका कोळ्याच्या सांगण्यावरून समुद्रतळावरच्या रणगाड्याचा पत्ता लागल्यावर त्याने १९७४मध्ये अमेरिकी सरकारकडून तो ५० डॉलरला रीतसर विकत घेतला, दहा वर्षे खटपट करून मे १९८४मध्ये बाहेर काढला, आणि १९८८मध्ये ‘द फॉरगॉटन डेड’ हे पुस्तक लिहिले. इतिहासकारांच्या ग्रंथांना जे तीस वर्षांत जमले नव्हते ते या गंजक्या लोखंडाने केले : मृतांचे नातलग आणि वाचलेले सैनिक टॉरक्रॉसला येऊ लागले, पत्रे लिहू लागले, आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे तुकडे प्रथमच एका ठिकाणी जमा होऊ लागले. रणगाडा मात्र त्या रात्रीचा नाही. पाण्यावर तरंगत किनाऱ्याला येण्यासाठी ताडपत्रीचा पडदा बसवलेल्या खास प्रकारच्या शर्मनपैकी तो एक होता आणि वेगळ्या सरावात, किनाऱ्यापासून मैलभराच्या आत, तो बुडाला. आणि ज्यांची आठवण तो आज जागवतो, त्या लाइम उपसागरात गेलेल्यांपैकी ३२०६व्या कंपनीतले लोक तर रणगाड्यांवरचे नव्हे, मालाची चढउतार करणारे होते.